एका बीचे गुपित

(प्रास्ताविक : प्रत्येक सजीवाच्या शरीरात क्षणोक्षणी हजारो रासायनिक क्रिया चालू असतात. या क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांना विकरे म्हणतात. विकरे नेमकी कशाची बनलेली असतात, हे कोडे शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ उलगडले नव्हते. एका वेलीच्या पांढऱ्या बियांनी आणि एक हात गमावलेल्या एका चिकाटीच्या संशोधकाने हे कोडे कसे सोडवले, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

ईदचा आदला दिवस. घरात कबाबांची तयारी चालू आहे. अम्मी मांसाच्या तुकड्यांना मीठमसाला लावते आणि त्यात कच्च्या पपईचा थोडा कीस मिसळते. तुम्ही विचारता, "अम्मी, कबाबात पपई कशाला?" अम्मी सांगते, "पपई घातली की गोश्त लवकर मऊ होते." तिचे म्हणणे अगदी खरे आहे. परंतु तीच पपई आधी पाण्यात चांगली उकळून घेतली आणि मग मांसाला लावली, तर मांस तसे मऊ होत नाही. उकळल्यामुळे पपईतून असे काय बरे नाहीसे झाले?

आता दुसरे उदाहरण पाहू. बटाटा चिरून ठेवला, तर थोड्या वेळाने त्याच्या फोडी तपकिरी पडतात. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मात्र तशा काळवंडत नाहीत. तिसरे उदाहरण नाचणीचे. नाचणी भिजवून, तिला मोड आणून, वाळवून दळली की नाचणीचे सत्त्व तयार होते. साध्या नाचणीच्या पिठाला नसलेली मंद गोडी या सत्त्वाला असते. साखर तर कोणी घातली नव्हती. मग ही गोडी आली कोठून?

या तिन्ही गोष्टींमागे एकाच जातीचे कामगार आहेत. पपईच्या चिकात 'पपेन' नावाचा पदार्थ असतो. तो मांसातील प्रथिनांचे तुकडे करतो. बटाट्यातील एक पदार्थ हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने फोडींना तपकिरी रंग आणतो. मोड येणाऱ्या धान्यातील एक पदार्थ पिठाचे साखरेत रूपांतर करतो. अशा पदार्थांना 'विकरे' असे म्हणतात. इंग्रजीतील 'एन्झाइम' हा शब्दही तुम्ही ऐकला असेल.

विकराचे काम समजण्यासाठी आपण अडकित्त्याचे उदाहरण घेऊ. सुपारी नुसत्या हाताने फुटत नाही. अडकित्त्याने ती चटकन फुटते. अडकित्ता स्वतः मात्र झिजून संपत नाही. एक सुपारी फोडून झाली, की तो लगेच दुसरीसाठी तयार असतो. विकराचेही तसेच आहे. एरवी अतिशय सावकाश होणारी रासायनिक क्रिया ते झपाट्याने घडवून आणते आणि स्वतः जसेच्या तसे उरते. शिवाय प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. पपेन पिठाची साखर करू शकत नाही आणि धान्यातील विकर मांस मऊ करू शकत नाही. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली यासाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली होती. ज्या कुलपाची किल्ली, तेच कुलूप ती उघडते.

विकरांचा अभ्यास वनस्पतींपासूनच सुरू झाला. १८३३ साली पायें आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून एक पदार्थ वेगळा काढला. थोडासा पदार्थ घेतला, तरी तो पुष्कळ पिष्टाची साखर करत असे. त्याला त्यांनी 'डायस्टेज' हे नाव दिले. पुढे १८९७ साली जर्मनीत एड्वार्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरीही त्याने साखर आंबवली. म्हणजे विकराला काम करण्यासाठी जिवंत पेशीची गरज नसते, हे सिद्ध झाले. या शोधाबद्दल बुखनर यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर काय करते, हे आता कळले होते. पण विकर म्हणजे काय, ते कशाचे बनलेले असते, हे कोणालाच माहीत नव्हते. शुद्ध विकर कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या रसात हजारो पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांत विकराचा अंश फार थोडा असतो. गवताच्या गंजीत सुई शोधावी, तसे हे काम होते.

त्या काळी जर्मनीत रिखर्ड विल्श्टेटर नावाचे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. पानांतील हरितद्रव्य आणि वनस्पतींतील इतर रंगद्रव्ये यांवरील संशोधनासाठी त्यांना १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. विकरे शुद्ध करण्यासाठीही त्यांनी खूप परिश्रम घेतले. त्यांच्या अतिशय शुद्ध द्रावणात विकराचे काम चालू असल्याचे दिसे, पण प्रथिनाची परीक्षा घेतली, तर प्रथिन आढळत नसे. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की विकर म्हणजे प्रथिन नव्हे. प्रथिन हे विकराला वाहून नेणारे केवळ एक वाहन आहे. विल्श्टेटर यांचा अधिकार मोठा होता. त्यामुळे त्यांचे हे मत बहुतेकांना पटले.

अमेरिकेतील एका तरुण प्राध्यापकाने मात्र वेगळी वाट धरली. त्यांचे नाव जेम्स समनर. त्यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. लहानपणी जेम्सला शिकारीचा नाद होता. तो सतरा वर्षांचा असताना शिकारीच्या वेळी सोबत्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी त्याच्या डाव्या हाताला लागली. हात कोपराच्या खाली कापावा लागला. दुर्दैव असे, की जेम्स डावखुरा होता. लिहिणे, जेवणे, कपडे घालणे ही सारी कामे त्याला उजव्या हाताने नव्याने शिकावी लागली. पण तो रडत बसला नाही. एका हाताने तो टेनिस खेळू लागला. बर्फावरून घसरण्याच्या खेळातही तो रमू लागला.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर समनर यांना पुढे जीवरसायनशास्त्र शिकायचे होते. त्यासाठी ते ऑटो फोलिन या नामवंत प्राध्यापकांना भेटले. फोलिन यांनी त्यांना कायद्याचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. एका हाताचा माणूस रसायनशास्त्रात यशस्वी होऊ शकणार नाही, असे त्यांना वाटत होते. प्रयोगशाळेत काचेची नाजूक उपकरणे हाताळावी लागतात. एका हातात परीक्षानळी धरली, तर दुसरा पदार्थ ओतायचा कशाने? फोलिन यांनी हा सल्ला कळवळ्यानेच दिला होता. पण समनर यांचा निश्चय ढळला नाही. अखेर त्यांनी फोलिन यांच्याच हाताखाली काम केले आणि १९१४ साली डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठात ते शिकवू लागले.

तेथे शिकवण्याचे काम भरपूर होते. संशोधनाला वेळ थोडा मिळे, पैसा त्याहून थोडा आणि साधने तर अगदीच जुजबी. अशा स्थितीत अनेक लहानसहान कामे करण्यापेक्षा एकच मोठे काम हाती घ्यावे, असे त्यांनी ठरवले. १९१७ साली त्यांनी शुद्ध विकर वेगळे काढण्याचा संकल्प केला. हे विकर होते 'युरिएज'.

युरिया हे नाव तुम्हांला खत म्हणून माहीत असेल. आपल्या शरीरातही युरिया तयार होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते. त्यातून अमोनिया आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. जनावरांच्या गोठ्यात नाकाला झोंबणारा जो उग्र वास येतो, तो याच अमोनियाचा असतो. मूत्रातील युरियावर जीवाणूंमधील युरिएज काम करते आणि अमोनिया सुटतो. रक्तातील आणि लघवीतील युरिया मोजण्यासाठी समनर युरिएज वापरत असत. म्हणून हे विकर त्यांच्या परिचयाचे होते.

ते युरिएज त्यांना 'जॅक बीन' नावाच्या वेलीच्या बियांतून मिळत असे. ही वेल मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. आपल्याकडे परसात अबईची वेल लावतात आणि तिच्या कोवळ्या, तलवारीसारख्या लांब शेंगांची भाजी करतात. जॅक बीन ही त्या अबईची जवळची नातलग. तिच्या बिया पांढऱ्या आणि टपोऱ्या असतात. इतर वनस्पतींच्या मानाने या बियांत युरिएज खूपच जास्त असते. गवताच्या गंजीतील सुई शोधायचीच असेल, तर जिच्यात सुया जास्त तीच गंजी निवडावी, हा समनर यांचा विचार शहाणपणाचा होता.

काम सुरू झाले. बियांचे पीठ करायचे, ते द्रावणात भिजवायचे, गाळायचे आणि गाळलेल्या रसातून एकेक पदार्थ बाजूला काढत जायचे. विकर उष्णतेने बिघडते. म्हणून सारे काम थंडीत करावे लागे. समनर यांच्या प्रयोगशाळेत बर्फाची पेटी नव्हती. बियांचा अर्क अल्कोहोलमध्ये काढून ते त्याची भांडी रात्री खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवत आणि कडाक्याची थंडी पडावी म्हणून वाट पाहत. एक वर्ष गेले, दोन वर्षे गेली. शुद्ध विकर काही हाती येईना. काही जण त्यांना म्हणत, हा नाद सोडून द्या. १९२१ साली बेल्जियममध्ये जाऊन एका नामवंत विकरतज्ज्ञांबरोबर काम करण्याची संधी त्यांच्यापुढे आली होती. पण युरिएज वेगळे काढण्याची कल्पनाच त्या तज्ज्ञांना हास्यास्पद वाटली आणि तो बेत बारगळला.

समनर प्रयोग करतच राहिले. कधी द्रावक बदलून पाहत, कधी त्याचे प्रमाण. अशी नऊ वर्षे गेली. १९२६ साली त्यांनी अल्कोहोलऐवजी ॲसिटोन हा द्रावक वापरला. पाण्यात सुमारे ३२ टक्के ॲसिटोन मिसळून त्यात त्यांनी बियांचे पीठ कालवले, ते मिश्रण गाळले आणि गाळलेला रस रात्रभर थंड जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातील एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या थेंबात आठ पृष्ठांचे इवलेसे स्फटिक चमकत होते!

स्फटिक म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक आहे. साखरेचा किंवा मिठाचा दाणा हा स्फटिकच असतो. एकाच पदार्थाचे असंख्य रेणू ओळीने, शिस्तीत रचले गेले, की स्फटिक तयार होतो. म्हणून स्फटिक हे पदार्थाच्या शुद्धतेचे मोठे लक्षण मानले जाते. समनर यांनी ते स्फटिक वेगळे काढून पाण्यात विरघळवले. त्या द्रावणाने प्रथिनाच्या सर्व परीक्षा दिल्या. त्याच द्रावणाने युरियाचेही अतिशय वेगाने विघटन केले. आनंदाच्या भरात समनर यांनी घरी दूरध्वनी केला आणि जगातले पहिले विकर स्फटिकरूपात मिळाल्याचे पत्नीला सांगितले. युरिएज हे प्रथिन होते. वाहन आणि प्रवासी असे दोन वेगळे पदार्थ नव्हतेच. प्रथिन हेच विकर होते.

त्यांचा हा शोध जगाने लगेच मान्य केला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे झाले नाही. विल्श्टेटर आणि त्यांचे शिष्य यांना तो पटला नाही. स्फटिक प्रथिनाचे असतील, पण खरे विकर त्यांना चिकटून आलेले असेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा होता, असे म्हणता येणार नाही. शास्त्रात शंका घेण्याचा अधिकार सर्वांना असतो. मात्र शंकेचे उत्तर मोठ्या नावाने नव्हे, तर पुराव्याने द्यावे लागते. समनर यांनी एकामागून एक लेख लिहून आपले पुरावे मांडले. १९३० साली जॉन नॉर्थ्रप या दुसऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाने जठरातील 'पेप्सिन' या विकराचे स्फटिक मिळवले. तेही प्रथिनच निघाले. पुढे आणखी काही विकरांचे स्फटिक मिळाले आणि शंका हळूहळू मावळत गेल्या. विल्श्टेटर यांची चूक कोठे झाली होती, तेही ध्यानात आले. विकर इतक्या थोड्या प्रमाणात असतानाही काम करते, की त्यांच्या विरळ द्रावणातील प्रथिन त्या काळच्या परीक्षांना सापडतच नव्हते. 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असे त्यांनी धरले होते.

१९४६ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग जेम्स समनर यांना देण्यात आला. उरलेला अर्धा भाग नॉर्थ्रप आणि तंबाखूच्या झाडावरील विषाणूचे स्फटिक मिळवणारे वेंडेल स्टॅन्ली यांना विभागून मिळाला. स्फटिक प्रथम पाहिल्यानंतर या सन्मानासाठी समनर यांना वीस वर्षे थांबावे लागले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

युरिएजचे सगळे गुपित मात्र अजून उलगडले नव्हते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे संशोधकांनी जॅक बीनमधील युरिएजची पुन्हा कसून तपासणी केली. त्यात त्यांना निकेल हा धातू आढळला. होय, भांड्यांना आणि सायकलच्या भागांना मुलामा देण्यासाठी वापरतात, तोच निकेल! निकेल काढून टाकला, की हे विकर निकामी होते. एखाद्या विकरात निकेल असतो, हे प्रथम याच बीमुळे कळले. वनस्पतींना निकेलची गरज असते, याचाही पुरावा पुढे मिळाला. १९८३ साली अमेरिकेत काही संशोधकांनी निकेल अजिबात न देता सोयाबीनची रोपे वाढवली. त्यांच्या पानांत युरिया साचला आणि पानांची टोके करपली.

यावरून आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळते. या बियांना युरिएज हवेच कशाला? बी म्हणजे रोपाची शिदोरी. त्या शिदोरीत नायट्रोजन साठवलेला असतो. बी रुजताना साठवलेल्या पदार्थांचे विघटन होते आणि त्यातून युरिया तयार होतो. युरिएज त्या युरियातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मोकळा करते. मग रोप तो नवी प्रथिने बनवण्यासाठी वापरते. काटकसरी गृहिणी जसे काही वाया जाऊ देत नाही, तसे हे विकर नायट्रोजन वाया जाऊ देत नाही.

समनर यांनी स्फटिक पाहिले होते, पण स्फटिकाच्या आतील रेणूची घडण त्यांना दिसणे शक्य नव्हते. प्रथिनाची लांब साखळी कशी घड्या घालून बसलेली असते, हे पाहण्यासाठी स्फटिकातून क्ष-किरण सोडतात आणि ते कसे विखुरतात, याचे गणित मांडतात. जॅक बीनमधील युरिएजच्या बाबतीत हे काम आपल्या देशात झाले, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. चेन्नई येथे मद्रास विद्यापीठातील बालसुब्रमणियन आणि पोन्नुराज या संशोधकांनी २०१० साली या विकराची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. कोणत्याही वनस्पतीतील युरिएजची रचना त्यापूर्वी कळलेली नव्हती. युरिएजच्या एका रेणूत सहा साखळ्या असतात. प्रत्येक साखळीत ८४० अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. प्रत्येक साखळीत एक खाच असते आणि त्या खाचेत निकेलचे दोन अणू बसलेले असतात. युरियाचा रेणू याच खाचेत शिरतो आणि तेथेच त्याचे विघटन होते. इथाका येथील खिडकीपासून चेन्नईच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला या बीला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

या संशोधनाचा आपल्याला काय उपयोग? पहिला उपयोग रुग्णालयात होतो. मूत्रपिंडे नीट काम करत नसली, की रक्तातील युरिया वाढतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, तेव्हा युरिया मोजण्यासाठी आजही युरिएज वापरले जाते.

दुसरा उपयोग शेतीत होतो. शेतकरी पिकाला युरिया घालतो. मातीतील जीवाणूंमध्ये युरिएज असते. ते युरियाचा अमोनिया करते. पिकाला नायट्रोजन मिळण्यासाठी हे आवश्यक आहे. पण युरिया जमिनीवर नुसताच पसरून टाकला, तर बराच अमोनिया हवेत उडून जातो आणि शेतकऱ्याचे पैसे वाया जातात. म्हणून युरिया मातीआड करावा, असे सांगतात. काही देशांत युरिएजचे काम काही दिवस थोपवून धरणारे रसायन युरियात मिसळतात. आपल्याकडे युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला असा लेप देणे २०१५ सालापासून बंधनकारक झाले. हा लेप मुख्यतः पुढच्या पायरीवर काम करतो. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंचा वेग तो मंदावतो. त्यामुळे नायट्रोजन मातीत अधिक काळ टिकतो.

तिसरा उपयोग महाराष्ट्रातील सोयाबीनशी संबंधित आहे. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा एक पदार्थ असतो. पेंड नीट भाजली, की तो नाहीसा होतो. पण पेंड पुरेशी भाजली आहे की नाही, हे ओळखायचे कसे? सोयाबीनमध्येही भरपूर युरिएज असते आणि तेही उष्णतेने नष्ट होते. म्हणून पेंडीत युरिएज उरले आहे का, हे तपासतात. ते उरले असेल, तर पेंड अजून कच्ची आहे असे समजतात.

हीच तपासणी तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने करू शकता. सोयाबीनचे दहाबारा दाणे रात्रभर भिजवा. त्यांतील निम्मे दाणे अर्धा तास उकळून गार करा. कच्चे आणि उकळलेले दाणे वेगवेगळे वाटा. दोन पेल्यांत थोडे थोडे पाणी घेऊन प्रत्येकात अर्धा चमचा युरिया विरघळवा. एका पेल्यात कच्चे वाटण आणि दुसऱ्यात उकळलेले वाटण घाला. अर्ध्या तासाने दोन्हींत तांबड्या लिटमस कागदाची पट्टी बुडवा. पहिल्या पेल्यातील पट्टी निळी होईल, कारण तेथे अमोनिया तयार झाला आहे. दुसऱ्या पेल्यातील पट्टी तांबडीच राहील. (पेल्यातील पदार्थ तोंडात घालू नका. प्रयोगानंतर पेले व हात साबणाने स्वच्छ धुवा.)

आता अम्मीच्या पपईकडे पुन्हा वळू. उकळलेली पपई मांस मऊ का करत नाही, हे तुम्हांला आता सांगता येईल. पपेन हेही प्रथिनच आहे. प्रथिनाची साखळी विशिष्ट प्रकारे घडी घालून बसलेली असते, तोपर्यंतच तिच्यातील खाच शाबूत राहते. उकळल्यावर ती घडी विस्कटते, खाच मोडते आणि विकराचे काम थांबते. उकडलेल्या बटाट्याची फोड तपकिरी न पडण्याचे कारणही हेच.

ही साधी गोष्ट आज आपण पाठ्यपुस्तकातील एका ओळीत वाचतो : 'बहुतेक सर्व विकरे प्रथिनांची बनलेली असतात.' ती एक ओळ लिहिता यावी, म्हणून एका माणसाने एका हाताने नऊ वर्षे बियांचे पीठ भिजवले आणि गाळले होते. पुस्तकातील अशी ओळ वाचताना, ती प्रथम कोणी आणि कशी शोधून काढली असेल, हे विचारायला विसरू नका.

शब्दार्थ

विकर – सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ
उलगडणे – (कोडे) सुटणे
अडकित्ता – सुपारी कातरण्याचे साधन
पिष्ट – धान्यातील पिठूळ भाग
निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान
डावखुरा – डाव्या हाताने कामे करणारा
जुजबी – अगदी थोडे, कामापुरते
परस – घरामागची मोकळी जागा
बेत बारगळणे – ठरवलेली गोष्ट रद्द होणे
बिनबुडाचा – आधार नसलेला
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पपईच्या चिकात कोणते विकर असते?
(आ) समनर यांनी युरिएज कोणत्या वेलीच्या बियांतून मिळवले?
(इ) युरिएजमध्ये कोणता धातू असतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने विकराला अडकित्त्याची उपमा का दिली आहे?
(आ) फोलिन यांनी समनर यांना कोणता सल्ला दिला? का?
(इ) विल्श्टेटर यांचा निष्कर्ष का चुकला?

३. कारणे द्या.
(अ) समनर अर्काची भांडी खिडकीबाहेर ठेवत.
(आ) सोयाबीनच्या पेंडीत युरिएज उरले आहे का, हे तपासतात.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
वाट धरणे, निश्चय न ढळणे, वाया जाणे, बेत बारगळणे.

५. तुमच्या घरच्या स्वयंपाकात विकरांचे काम कोठे कोठे दिसते? घरातील मोठ्या माणसांना विचारून पाच-सहा वाक्ये लिहा.